नांदेड ते जयपूर, एक तास छत्तीस मिनिटं

जयपूरला बदली झाल्याची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी मी नांदेडला अण्णांना फोन केला, आणि त्या एका फोनमध्ये जी चूक करून ठेवली ती आजतागायत निस्तरते आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. मी त्यांची एकुलती एक. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी पुण्याच्या शाखेत होते, म्हणजे संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी नांदेडच्या घरी चहाला. मी जयपूरचं सांगितलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "किती लांब आहे गं ते?"

मला तरी कुठे माहीत होतं? समोर कॉम्प्युटर होता. त्यावर नांदेड आणि जयपूर अशी दोन नावं टाकली, तर एक पान उघडलं. दोन विमानतळांमधलं अंतर आठशे त्रेसष्ट किलोमीटर. विमानाने लागणारा वेळ एक तास छत्तीस मिनिटं. खाली नकाशावर एक निळी रेघ आणि तिच्या मधोमध इवलंसं विमान. मला इतकं हायसं वाटलं की मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. अण्णांनी दोन्ही आकडे पुन्हा सांगायला लावले. लिहून घेत असणार. मग म्हणाले, "हे तर पुण्यापेक्षा जवळ झालं की."

इथे अण्णांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर हा त्यांचा भोळेपणा वाटेल, आणि ते भोळे मुळीच नाहीत. अण्णा एस.टी.त कंट्रोलर होते. बसस्थानकावर जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या सोडणारा, उशीर झाला तर ड्रायव्हरला दोन शब्द सुनावणारा आणि माईकवर एका सुरात गावांची नावं घेणारा माणूस. एस.टी.त कुठल्याही मार्गाचा रनिंग टाइम असा खुर्चीत बसून ठरवत नाहीत. आधी गाडी पळवतात, थांबे, घाट, फाटकं धरून किती वेळ लागतो ते बघतात, आणि मग तो आकडा तक्त्यावर चढतो. तेव्हा अण्णांच्या लेखी ज्या अर्थी अंतर छापलंय आणि वेळही छापलीय, त्या अर्थी गाडी आहेच. तेहतीस वर्षं त्यांनी याच हिशोबाने काढली. गाडीच नसलेल्या मार्गाचा रनिंग टाइम कोणी रिकामटेकडा छापून ठेवील, हे त्यांच्या डोक्यात यावं तरी कसं?

माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. बँकेत अधिकारी म्हणून मिरवते, पण मला ते कळलं दिवाळीला, तिकीट काढायला बसले तेव्हा. जयपूरहून नांदेडला विमान नाही. तेव्हा नव्हतं, अजूनही नाही. त्या पानाला विमानांशी काही देणंघेणंच नव्हतं. कुठलेही दोन विमानतळ द्या, ते सरळ रेघ ओढतं, तिची लांबी काढतं आणि तेवढं अंतर कापायला विमानाला किती वेळ लागला असता ते सांगतं. लागला असता, विमान असतं तर. मला त्या पानाचा असा काही संताप आला की मी घरात तासभर कोणाशी धड बोलले नाही. नवरा इथल्या एका कॉलेजात शिकवतो, त्याने शांतपणे सांगितलं, की पान बरोबरच आहे, तू वाचलंस चुकीचं. अशा वेळी बरोबर बोलणाऱ्या माणसासारखा वैरी नाही.

शेवटी जयपूरहून हैदराबादला विमानाने आणि तिथून टॅक्सीने सहा तास, अशी मी दिवाळीला घरी पोचले. तोवर अण्णांचं सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं. लेक जयपूरला असते, पण दीड तासावर. बोलावलं की हजर. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने म्हणे एकदा शंका काढली होती, की असं विमान कधी ऐकलं नाही. त्यावर अण्णांनी त्याला विचारलं होतं, की माझी पोरगी बँकेत अधिकारी आहे, तिला जास्त कळतं का तुला. हे सगळं ते मला रंगवून सांगत होते आणि मी फराळाचं ताट पुढ्यात घेऊन ऐकत होते. आता कोणत्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, थेट विमानाची तिकिटं संपली होती, म्हणून हैदराबादवरून आले. अण्णांना ते लगेच पटलं. दिवाळीत जादा गाड्या सोडायला पाहिजेत, एवढं म्हणाले.

एक खोटं बोललं की त्याला जेवू घालावं लागतं. पुढच्या खेपेला तिकीट महाग होतं. त्याच्या पुढच्या खेपेला मला हैदराबादला बँकेचं काम होतं. चार वर्षं मी अशी कारणं शोधत राहिले. दर वेळी ठरवायचे, की या वेळी जेवण झालं की सांगायचं, आणि दर वेळी ते कोणाला तरी फोनवर माझ्या दीड तासाबद्दल सांगत असायचे.

मध्ये एकदा ते जयपूरला येऊन राहिलेही. आगगाडीने आले, कारण विमानात बसायचं त्यांचं धाडस होत नव्हतं आणि ते मान्य करायचीही तयारी नव्हती. माझं वय विमानाचं नाही, असं म्हणाले. आमचं घर वैशाली नगरमध्ये. माझी मुलगी त्यांच्याशी मराठीत बोलायची, पण तिची मराठी अशी, की "आजोबा, मतलब तुम्ही रोज बस सोडत होते?" त्यांना नातीचं कौतुक होतं, पण दिवसभर करायचं काय? आठ दिवसांनी ते सिटी बस धरून सिंधी कॅम्पच्या बसस्थानकावर जायला लागले. तिथे बाकावर बसून गाड्या वेळेवर सुटतात का ते बघत. दीड महिन्याने म्हणाले, मी निघतो. मी कायमचंच राहा म्हणून मागे लागले, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. दीड तासावर तर आहेस, त्यासाठी घरदार कशाला मोडायचं?

म्हणजे मी त्यांच्या जिवाला आधार म्हणून जो आकडा दिला होता, तोच घेऊन ते माझ्यापासून लांब राहिले. हे मला त्या वेळी असं नीट कळलं नव्हतं. कळलं ते एप्रिलमधल्या त्या दिवशी.

माझी शाखा जयपूरच्या सांगानेर भागात आहे. कापडछपाईच्या कारखान्यांचे मालक सकाळी सकाळी येऊन बसतात, त्या गडबडीत पावणेअकराला मोबाइल वाजला. अण्णांचे मित्र होते. एस.टी.त कंडक्टर होते, घर पाठीला पाठ लागून, मी लहानपणापासून त्यांना कंडक्टर काकाच म्हणते. काका कधी कामाच्या वेळी फोन करत नाहीत, त्यामुळे नाव बघून मी समोरच्या गिऱ्हाइकाला थांबवलं आणि फोन उचलला.

अण्णांना हर्निया होता. किती वर्षांपासून, ते त्यांनाच ठाऊक. पट्टा बांधायचे आणि वर शर्ट सोडायचे, मला पत्ता लागू दिला नव्हता. त्या दिवशी पहाटेपासून ओकाऱ्या सुरू झाल्या आणि पोटाखाली दगडासारखी गाठ आली. काकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आतडं त्या गाठीत अडकलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं होतं, की दुपारी एकच्या आत ऑपरेशन व्हायला हवं, उशीर झाला तर आतडं काळं पडतं आणि मग माणूस हाती लागणं कठीण. सगळी तयारी झाली होती. फक्त पेशंट तयार नव्हता.

काका म्हणाले, "सही करंना झालाय. लेक येऊ द्या म्हणायलाय. दीड तासाचं विमान हाये, ती आल्याबिगर आत जात न्हाई म्हणतो."

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. डॉक्टर म्हणत होते, की माणूस शुद्धीवर आहे आणि नको म्हणतोय, तोवर मी हात लावू शकत नाही. काकांनी हात जोडले, नर्सबाईंनी समजावलं, डॉक्टर दोनदा येऊन रागावून गेले. अण्णा खाटेवर आडवे, घामाने थबथबलेले, आणि मनात वेळापत्रक मांडत होते. साडेअकराला विमानात बसली तर एकला उतरेल, दीडला इथं. अर्ध्या तासाने काय बिघडतं?

चार वर्षं जे वडिलांना सांगता आलं नव्हतं, ते मी शेवटी काकांना सांगितलं. "काका, असं विमान नाहीये."

"ठाऊक हाये मला," काका म्हणाले. "पोरानं मोबाइलमधी बघितलं व्हतं, त्याला तीन वर्षं झाली. समद्या गल्लीला ठाऊक हाये. आता ते ऱ्हाऊ दे. तू त्याला आत जायला लाव."

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. चहावाल्यालाही. आणि एवढ्या माणसांपैकी एकानेही त्यांच्या तोंडावर ते बोलून दाखवलं नव्हतं. त्यांच्या या चांगुलपणाची मला इतकी शरम वाटली, की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी काकांना म्हटलं, दहा मिनिटांत मीच फोन करते. आणि शाखेतून निघाले. मॅनेजरना काय सांगितलं ते आठवत नाही. सांगानेरहून विमानतळ जवळच, रिक्षात बसले आणि चला म्हटलं. तिकीट नव्हतं, विमान नव्हतं, तिथे जाऊन काय करणार होते कोण जाणे. नवऱ्याला फोन लावला, तो तिकिटं बघायला लागला. हैदराबादचं सकाळचं विमान कधीच निघून गेलं होतं. संध्याकाळच्यात एकही जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानात होती. म्हणजे मी नांदेडला पोचणार उद्या दुपारी. आणि डॉक्टरांनी दिलेली वेळ होती आजची एक वाजेपर्यंतची.

खरं सांगायचं झालं तर मी विमानतळावर एवढ्याचसाठी गेले, की अण्णा पहिला प्रश्न कुठं आहेस हा विचारणार, आणि त्याचं तरी उत्तर मला खरं देता यावं.

दरवाजापाशी जवानाने तिकीट मागितलं. नाही म्हटल्यावर बाजूला व्हायला सांगितलं. मी सामानाच्या ढकलगाड्या लावतात तिथल्या बुटक्या भिंतीपाशी उभी राहिले आणि काकांना फोन लावला. त्यांनी तो अण्णांच्या कानाला लावला.

"कुठं आहेस माय?" आवाज इतका बारीक, की मला आधी तो अण्णांचा वाटलाच नाही.

"विमानतळावर."

"मग ये. मी थांबलोय. हे लोक उगंच घाई करायलेत."

मी येताना रिक्षात ठरवलं होतं, की खरं सांगायचं. म्हणायचं, अण्णा, मला उद्या दुपारच्या आत पोचता येत नाही, तुम्ही सही करा. पण तो आवाज ऐकला आणि मला कळून चुकलं, की खरं सांगितलं तर हा माणूस उद्यापर्यंत थांबेल. हट्टाने नाही. एकट्याने आत जायची त्याला भीती वाटत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडणाऱ्या माझ्या बापाला स्वतःची गाडी एकट्याने सोडवत नव्हती, आणि मी आठशे त्रेसष्ट किलोमीटरवर ढकलगाड्यांपाशी उभी होते.

मी म्हटलं, "अण्णा, ऐका. तुमचं ऑपरेशन दीड तासाचं आहे. माझं विमानही दीड तासाचं. मी आता बसतेच आहे. दोन्ही एका वेळेला सुटू द्या. तुम्ही बाहेर याल तेव्हा मी दारात असेन."

मग ते म्हणाले, "दोन्ही संगंच?"

"एकदमच. आता मला फोन बंद करायला लावतील."

"बरं. मग सोडायला सांगतो." आणि पुढे म्हणाले, "मी एकदा लावून बघतो तुझा फोन. सुटलं का कळंल."

तेहतीस वर्षांची सवय. गाडी सुटली हे नुसतं ऐकून चालत नाही, नोंद करावी लागते. मी घाईघाईने फोन बंद केला. नुसता आवाज बंद नाही, अख्खा फोन बंद. रिंग गेली असती तर त्यांनी सही केली नसती.

आणि मग मला कळलं, की मी काय करून बसलेय. पुढचा दीड तास मला फोन चालू करता येणार नव्हता. ते फोन लावतील का, किती वेळा लावतील, आत जायच्या अगदी दारात पुन्हा एकदा लावायला सांगतील का, काही सांगता येत नव्हतं. काकांनाही विचारता येत नव्हतं, की सही झाली का. खऱ्या विमानात बसलेल्या माणसाला जेवढं कळतं तेवढंच मला कळणार होतं, आणि मी कुठेच जात नव्हते.

मी घड्याळ घालत नाही. वेळ फोनमध्येच बघायची सवय. त्यामुळे किती वेळ झाला हेही कळेना. दोनदा त्या जवानाला विचारलं. पहिल्यांदा बारा वाजले होते. मला वाटलं होतं एक वाजत आला असेल, आणि दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं. तो चांगला होता बिचारा. त्याने विचारलं, कौन सी फ्लाइट है मैडम. माझ्या तोंडून नांदेड निघून गेलं. त्याने जरा विचार करून सांगितलं, "वो तो यहाँ से नहीं जाती।" मी म्हटलं, मालूम है. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि बाटलीतलं पाणी दिलं.

ऊन डोक्यावर आलं. डोक्यावरून एक विमान गेलं. माणसं ट्रॉल्या ढकलत येत होती, कोणाच्या गळ्यात हार, कोणाचं मूल रडतंय. मला प्रत्येकाचा राग येत होता, कारण प्रत्येकाला कुठेतरी जायला विमान होतं. मनात एकच विचार फिरत होता. अण्णा आत गेले आणि तिथून परत आलेच नाहीत, तर जाताना त्यांच्या मनात असणार की मुलगी वर आकाशात आहे, निघालीय. आणि मी असणार या भिंतीवर बसलेली. मी देवाला हात जोडणारी बाई नाही. त्या दिवशी जोडले, पण मागायचं काय ते नीट सुचेना. विमान मागावं, तर तेवढा देव कोणाचाच नसतो.

तिसऱ्यांदा विचारायच्या आत त्या जवानानेच सांगितलं, एक बज गया मैडम. मी आणखी थोडा वेळ थांबले आणि फोन चालू करून काकांना लावला.

काकांनी सांगितलं, की सव्वाअकराला सही केली. दोनदा फोन लावून बघितला, बंद लागला, तेव्हा म्हणाले, सुटलं, आता चला. ऑपरेशन अजून चालूच होतं. ते संपायला दोन वाजले, तेव्हा काकांचा पुन्हा फोन आला. वीतभर आतडं कापावं लागलं, पण माणूस वाचला. आणखी तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकलं आणि मी त्या भिंतीवर बसून मोठ्याने रडले. जवानाने दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला मी दवाखान्यात पोचले. म्हणजे एक तास छत्तीस मिनिटांच्या वाटेला मला सत्तावीस तास लागले. अण्णा आय.सी.यू.त होते, भुलीच्या आणि दुखण्याच्या औषधांनी अर्धवट गुंगीत. त्यांनी शुद्धीवर येताच माझी चौकशी केली होती आणि काकांनी सांगून टाकलं होतं, की आलीय, बाहेर बसलीय, इथं आत सोडत नाहीत. आदला दिवस कुठे संपला आणि हा कुठे सुरू झाला, ते त्यांना कळलंच नव्हतं. मी खाटेपाशी उभी राहिले तेव्हा त्यांनी डोळे उघडून विचारलं, "टायमावर उतरलं का?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मला तिथे उभं राहवेना.

पाचव्या दिवशी त्यांना वॉर्डात आणलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या सुनेला ते मोठ्या कौतुकाने सांगायला लागले, की मी आत गेलो तेव्हा लेक जयपूरला विमानात बसली आणि मी बाहेर आलो तर दारात. ती सून माझ्याकडे आदराने बघायला लागली. मला ते सहन होईना. आणि खरं कारण म्हणजे मला भीती वाटायला लागली. या खेपेला निभावलं. पुढच्या खेपेला फोन मी उचललाच नाही तर? मी मीटिंगमध्ये असले, झोपेत असले तर? ही बाई दीड तासात येते म्हणून हा माणूस दारात अडून बसणार.

तेव्हा मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. ते पान, ती निळी रेघ, हैदराबाद, फोन बंद करून भिंतीवर बसणं. मी आले ती दुसऱ्या दिवशी, हेही सांगितलं.

अण्णा आधी हसले. मग हसू गेलं. "मला येडा समजायलीस काय? विमान न्हाई तर आलीस कशी?"

मी काकांकडे बघितलं. काका खाटेच्या पायथ्याशी बसून मोसंबी सोलत होते. मी म्हटलं, काका, तुम्ही सांगा.

काका मोसंबीवरून नजर न काढता म्हणाले, "आली व्हती की. दोनला. मीच बाहेर बसवलं तिला."

अण्णांनी विषय मिटला अशा अर्थी हात हलवला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, की पोरीला मला जयपूरला घेऊन जायचंय, त्यासाठी हे चाललंय. त्यांचं असं आहे, की एकदा तक्त्यावर चढलेली वेळ त्यांच्या डोळ्यादेखत पाळली गेली होती. त्यापुढे माझ्या शब्दाला काय किंमत?

मी काकांना बाहेर व्हरांड्यात गाठलं आणि पहिल्यांदा त्यांच्याशी तोंड वर करून बोलले. असं का केलंत, म्हणून विचारलं. काकांनी ऐकून घेतलं. त्यांचे हात मोसंबीने चिकट झाले होते, ते धोतराला पुसत म्हणाले, "त्याला समजलं की मी बी लबाड बोललो, तर उद्या तो माझं ऐकंल का? परत वेळ आली तर इथं मीच असनार हाये. तू न्हाईस."

मी व्हरांड्याचा गज धरून उभी राहिले आणि काका आत गेले.

नंतरचे दहा दिवस मी घरी होते. स्वयंपाकाला एक बाई लावली, औषधांच्या वेळा काकांना लिहून दिल्या. माझी मुलगी फोनवर म्हणाली, आजोबांना घेऊनच ये ना. मी जयपूरचं सगळ्या बाजूंनी बोलून बघितलं. चिडून बोलले, रडून बोलले. एकदा तर मोबाइलवर तिकिटांचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं, की बघा, एकही विमान दिसत नाही. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "आज फुल असंल." मग मी बोलायचं सोडून दिलं.

निघायच्या दिवशी ते काठी टेकत फाटकापर्यंत आले. टॅक्सी दारात होती. मी विमानतळावर चाललेय असं ते धरून चालले होते, आणि एका अर्थी मी चाललेच होते, फक्त हैदराबादच्या. ड्रायव्हरने काही बोलू नये म्हणून मी आधीच त्याला सांगून ठेवलं होतं. अण्णा म्हणाले, की पोचलीस की फोन कर, मी बसून राहतो, तोवर आडवा होणार नाही. डॉक्टरांनी त्यांना जास्त वेळ बसू नका म्हणून बजावलं होतं. हैदराबाद, तिथून संध्याकाळचं विमान, आणि घर, म्हणजे किमान अकरा तास. अकरा तास हा माणूस टाके घेऊन खुर्चीत बसून राहिला असता.

देगलूरच्या अलीकडे, निघून दीड तास होऊन गेल्यावर, मी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली. मागून ट्रक येत होते, म्हणून काचा वर केल्या आणि फोन लावला. पहिल्या रिंगलाच त्यांनी उचलला. मी म्हटलं, "अण्णा, पोचले."

"बघ, कसं टायमावर," ते म्हणाले. आवाज आता पहिल्यासारखा झाला होता. मग म्हणाले, "एक सांगतो माय. या खेपेला डॉक्टरनं लई घाई केली. आत जाताना तुझं तोंड बघायला मिळालं न्हाई. पुढच्या टायमाला असं करायचं न्हाई. काही झालं तरी मी दीड तास थांबणार, तू आल्यावरच आत जाणार. काकाला बी सांगून ठेवलंय."

मी बरं म्हटलं आणि आता आडवे व्हा म्हणून सांगितलं. ड्रायव्हरने मागे वळून निघू का विचारलं. हैदराबाद अजून चार तास लांब होतं.